लाल कडेचं घड्याळ

इस्त्रीसाहेबांनी मला "बाई, तुम्ही फरशीकडे बघा" म्हणून सुनावलं तेव्हा मला त्या इमारतीत बावीस वर्षं झाली होती आणि त्यांना जेमतेम तीन आठवडे. मी तिथे साहेब बदललेले पाहिलेत, पंखे बदललेले पाहिलेत, भिंतींना पाच वेळा रंग दिलेला पाहिलाय. त्या दिवशी मी खरोखरच फरशीकडे बघितलं असतं तर एका माणसाचा पाय आज जागेवर असता. मी ते केलं नाही. का केलं नाही ते सांगते, आणि सांगताना स्वतःला कुठे झाकणार नाही.

इमारत लष्कराची. तिथे बंदुका नाहीत, तोफा नाहीत, नुसत्या तारा, यंत्रं आणि कागद. कुणी कुठे जायचं, कधी जायचं, कधी थांबायचं, ते सगळं तिथून सांगितलं जातं. मी सफाईवाल्यांची मुकादम. माझ्या हाताखाली नऊ बायका. तिसऱ्या मजल्यावर संदेशखोली आहे, तिथे मात्र मी स्वतः झाडते, दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. आत शिरायचा पास सफाईवाल्यांत माझ्या एकटीकडेच होता, आणि त्याचा मला गर्व होता. गर्व का नसावा? त्याच खोलीत माझी धाकटी कानाला यंत्र लावून बसायची. आमच्या घराण्यात गणवेश घालणारी पहिली. आत साहेबलोक असले तरी ती मला आईच म्हणायची, मावशी नाही.

त्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं. एक पांढरं, आपल्या इथली वेळ दाखवणारं. दुसऱ्याची कड लाल. दोन्हींत पाच तासांचं अंतर. धाकटी नोकरीला लागली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "एका भिंतीवर दोन वेळा कशाला गं? एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून?"

ती पोट धरून हसली. मग तिने जेवणाच्या ताटावरच मला समजावलं. "हा लोणच्याचा डाग म्हणजे समुद्रातलं जहाज. हा भात म्हणजे डोंगरावरचे आपले लोक. आणि हा चमचा म्हणजे विमान. जहाज परवा दुसऱ्याच देशाजवळ होतं, तिथली वेळ वेगळी. विमान सकाळी तिसरीकडून उडालं. आता सगळे आपापल्या मनगटाकडे बघून निघाले तर काय होईल? याचे दहा वाजतील तेव्हा त्याचे बारा. म्हणून लष्कर, नौदल, हवाईदल, सगळ्यांनी मिळून एकच वेळ धरलीय. जगाची वेळ. ऊन कुठेही असू दे, सगळ्यांच्या लाल घड्याळात एकाच क्षणी सहा वाजतात."

"आणि आपल्या इथे सरकार उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे आणि हिवाळ्यात परत मागे करतं ते?"

"ते पांढरं. लाल घड्याळाला सरकारसुद्धा हात लावत नाही आई."

हे मला कळलं होतं. चौथी शिकलेल्या बाईला ताटातल्या भाताच्या जोरावर कळलं होतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तो रविवार म्हणजे घड्याळं एक तास पुढे करायचा दिवस. दरवर्षी हे काम आमच्याकडेच असतं. इमारतीत एकतीस घड्याळं आहेत, मी आणि माझ्या दोन बायका स्टूल घेऊन मजल्यामजल्याने फिरतो. या वर्षी इमारतीचे नवे साहेब स्वतः बरोबर फिरायला निघाले. त्यांना इस्त्रीसाहेब हे नाव माझ्याच बायकांनी पाडलेलं. पँटची घडी मोडू नये म्हणून हा माणूस खुर्चीवर पूर्ण बसत नसे, अर्धाच टेकायचा. बोलायचाही तसाच, समोरच्याकडे अर्धं बघत.

संदेशखोलीत आम्ही साडेसातला पोचलो. माझ्या बायकांना पास नाही, त्या जिन्यात थांबल्या. आत धाकटी एकटीच होती, तिची जोडीदारीण तापाने घरी. आम्हाला बघून ती उठली. "साहेब, खालून बंद पाकीट आणायचंय. तुम्ही आहात तर मी दहा मिनिटांत येते. खोली रिकामी ठेवायची नसते."

"जा, जा," ते म्हणाले.

ती गेली. मी स्टुलावर चढले, पांढरं घड्याळ उतरवलं, पुसलं, एक तास पुढे केलं, परत टांगलं.

"हं. आता ते लाल."

"ते नाही करायचं साहेब."

"काय?"

"लाल घड्याळाला हात लावायचा नसतो. ते जगाचं आहे. त्याला सरकारचा हुकूम लागत नाही."

"जगाचं!" ते हसले. साथीला हसणारं कुणी नव्हतं, म्हणून लगेच थांबले आणि चिडले. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या तोंडासमोर हलवला. "इमारतीतली घड्याळं एक तास पुढे, असा हा लेखी आदेश आहे. घड्याळं म्हणजे सगळी घड्याळं. वाचता येतं का तुम्हाला?"

"येतं. द्या, वाचते."

त्यांनी दिला नाही. "किती शिकलात?"

"चौथी."

"मग मला शिकवू नका. बाई, तुम्ही फरशीकडे बघा, घड्याळाचं मी बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. खांद्यावर तारे मिरवणारे मोठे मोठे साहेब जाता-येता "काय मुकादम, बरं आहे ना?" विचारायचे. आणि हा कालचा आलेला, ज्याला स्वतःच्या चहाचा कप विसळता येत नाही, तो मला फरशी दाखवतो!

मी दहा मिनिटं थांबायला हवं होतं. धाकटी वर आली असती, दोन वाक्यांत त्यांचं तोंड बंद झालं असतं. स्टुलावरून उतरून "मी करणार नाही" म्हणायला हवं होतं. स्वतः चढून करा म्हटलं असतं तर पँटच्या घडीपायी त्यांनी नक्कीच केलं नसतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. मी म्हटलं, सगळी म्हणजे सगळी ना? घ्या. पाच-पंधरा मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात येईल, वरून फोन येईल, आणि मग हा अर्धा बसणारा माणूस सगळ्यांसमोर पूर्ण उभा राहील. मला ते बघायचं होतं. त्याची फजिती मला डोळ्यांनी बघायची होती.

मी लाल घड्याळ उतरवलं आणि एक तास पुढे केलं. परत टांगलं.

जिन्यात धाकटी भेटली. काखेत पाकीट, पायऱ्या दोन-दोन चढत होती. "आई, तोंड का असं?"

"काही नाही. तुझे साहेब लई हुशार आहेत."

"कोण, इस्त्री?" ती कुजबुजली आणि फिस्सकन हसली. तिथे सांगायचं होतं. एवढं एक वाक्य. मी सांगितलं नाही. स्टूल घेऊन मी खाली गेले.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. का नाही आलं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी भिंतीवर डोकं आपटायची बाकी राहिले. खोलीतल्या माणसांना दोन घड्याळांत पाच तासांचं अंतर बघायची सवय. सगळा हिवाळा पाच तास. त्या दिवशी पांढरं पुढे गेल्यावर अंतर सहा व्हायला हवं होतं, तेव्हा ते डोळ्यांना विचित्र वाटलं असतं आणि तेच बरोबर असतं. पण मी दोन्ही पुढे केली. अंतर पाचाचं पाच राहिलं. रोजच्यासारखं. चुकीचं घड्याळ ओळखीचं वाटलं.

त्या दिवशी सराव होता. समुद्रातलं जहाज डोंगरावर तोफा डागणार, लाल घड्याळात चार ते सहा. त्या डोंगराच्या पायथ्याशी एक रस्ता आहे, त्याला फाटक. सहा वाजले की संदेशखोलीने फाटकावर 'रस्ता मोकळा' सांगायचं. जहाजाला विचारायचं नाही, जहाजाने सांगायचं नाही, कारण शत्रू ऐकतोय असं धरून सराव करतात. सहा वाजेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, सगळ्यांनी फक्त घड्याळाकडे बघायचं. सगळा डाव त्या एका वेळेवर.

धाकटीने लाल घड्याळात सहा वाजलेले बघितले आणि सांगितलं, "रस्ता मोकळा." जगात तेव्हा पाच वाजले होते. फाटक उघडलं. पाण्याचा टँकर आत गेला.

मी दुसऱ्या मजल्यावर संडास धुवत होते. वर पळापळ ऐकू आली. आधी मला वाटलं, आला फोन. आता इस्त्रीसाहेबांची उतरणार. सांगायला लाज वाटते, पण मी झाडू खाली ठेवून पदराला हात पुसले आणि बघायला वर निघाले.

टँकरवाला वाचला. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. चोवीस वर्षांचा माणूस.

चौकशी बसली. पहिल्याच दिवशी लाल घड्याळ एक तास पुढे सापडलं. मग धाकटीची वही काढली. कामावर आल्याबरोबर रेडिओवरच्या टिक-टिकशी लाल घड्याळ ताडून सही करायची असते. तिने सात वाजून पाच मिनिटांनी ताडलं होतं, सही केली होती. चौकशीवाले म्हणाले, घड्याळ एक तास पुढे असताना 'बरोबर' अशी सही झालीच कशी? म्हणजे न बघता केली. म्हणजे खोटी. खोट्या सहीपायी माणूस जखमी. तिला घरी बसवलं. नोकरी जाणार हे नक्की होतं, वर खटला होणार असंही ऐकू येत होतं.

आणि इस्त्रीसाहेबांनी काय लिहून दिलं? 'संदेशखोलीतलं फक्त स्थानिक वेळेचं घड्याळ पुढे केलं. लाल घड्याळाला कुणी हात लावला नाही.' माझं नाव कुठेच नाही. मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलला काय हा माणूस? चार दिवसांनी तो मला धुण्याच्या खोलीत गाठून बोलला तेव्हा उजेड पडला.

"मुकादम, तुमच्या निवृत्तीला किती राहिले?" आता मी मुकादम झाले होते.

"आठ महिने."

"क्वार्टरही सुटेल ना मग? नियमाने सहा महिने ठेवता येतं. मी वाढवून देऊ शकतो." साबणाच्या पोत्यावर टेकायला जागा होती, तिथेही तो टेकला नाही. "मुलीचं म्हणाल तर तरुण आहे. दुसरी नोकरी मिळेल. पण तुम्ही काही बोललात तर तुम्हीही जाल आणि तीही. आईने आतून घड्याळ फिरवलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील? दोघी मिळालेल्या होत्या म्हणतील."

"तुम्ही सांगितलंत म्हणून फिरवलं."

"मी सांगितलं? कुणी ऐकलं?"

मी हातातली ओली चादर पिळत होते. ती त्याच्या नरड्याभोवती पिळावी असं मनात आलं. पण त्याच रात्री जेवताना मीही त्याच्यासारखीच वागले. ते त्याच्यापेक्षा वाईट होतं, कारण तो परका होता.

धाकटी ताटावर नुसती बसली होती. मी म्हटलं, "नीट आठव गं. तू खरंच बघितलं होतंस का घड्याळ?"

"बघितलं होतं."

"नक्की? सवयीने सही केली नसशील?"

ती बोटाने ताटातला भात एका बाजूला लोटत राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही आई. आधी नक्की वाटत होतं. आता रोज सगळे तेच विचारतात. आता मला आठवतं ते खरं का, मी मनाने रचलेलं, तेच कळत नाही."

मी हे एकदाच विचारलं नाही. अकरा दिवसांत तीन-चारदा विचारलं. का? मला वाटायचं, ती एकदा "नाही बघितलं" म्हणाली की माझी सुटका. मग माझ्या हाताने काही झालं तरी आधी तिचंच चुकलं होतं असं होईल. स्वतःच्या पोरीला मी त्या खड्ड्यात ढकलत होते आणि वरून तिच्या ताटात भाजी वाढत होते.

आमचे हे लष्करातच आचारी होते. निवृत्त झाले, पण स्वयंपाकघर सोडलं नाही. अकराव्या दिवशी धाकटी झोपायला गेल्यावर ते कांदे चिरत म्हणाले, "पाचशे माणसांचं जेवण केलंय मी. आमटीत मीठ दोनदा पडलं की कुणी टाकलं ते मला विचारावं लागायचं नाही. ज्याने टाकलं तो आमटी सोडून सगळीकडे बघायचा."

"मग?"

"तू अकरा दिवस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलेलं नाहीस. मला विचारतेस किती वाजले."

मी चिडले. "आता चोरही मीच का?"

"मी कुठे म्हटलं?" ते कांद्यावरून नजर न उचलता म्हणाले. "तू म्हणतेयस."

मी त्यांच्यावर ओरडले. चाळीस वर्षांच्या संसारात नाही ती भांडणं उकरून काढली. त्यांच्या आईला मध्ये आणलं, त्यांच्या घोरण्याला आणलं. ते कांदे चिरत राहिले. सहा कांदे झाले तेव्हा मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. ते फक्त म्हणाले, "पोरीला आधी सांग."

मला ते जमलं नाही. चौकशीत अनोळखी माणसांसमोर बोलणं सोपं वाटलं. तीही माझी भ्याडपणाची खोडच.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बोलावणं नसताना चौकशीच्या खोलीत शिरले. दारावरचा शिपाई म्हणाला, "मुकादम, आत्ता झाडायचं नाही." मी म्हटलं, "आज झाडणार आहे, तू बाजूला हो."

लांब टेबल. पलीकडे तीन अधिकारी, मधोमध एक बाई, केस पांढरे, चष्मा नाकावर. बाजूला इस्त्रीसाहेब. समोर एकट्या खुर्चीवर धाकटी, गणवेशात. मला बघून ती अर्धी उठली. "आई?"

"बस," मी म्हटलं. मग टेबलाकडे वळून म्हणाले, "लाल घड्याळ मी पुढे केलं. त्या दिवशी सकाळी साडेसातनंतर, ही खाली पाकीट आणायला गेली तेव्हा. हिने सात-पाचला बघितलं तेव्हा ते बरोबरच होतं. हिची सही खरी आहे."

इस्त्रीसाहेब उठले. "मॅडम, ही मुलीला वाचवायला..."

"तुम्ही बसा," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण बसला. पण मला त्यात काही मजा आली नाही.

बाईंनी मला सगळं पहिल्यापासून विचारलं. स्टूल कुठे होतं, आधी कोणतं घड्याळ उतरवलं, साहेब कुठे उभे होते. मी सांगत गेले. कागदाचं सांगितलं तेव्हा त्यांनी फाईल चाळून तो आदेश काढला आणि मोठ्याने वाचला. "'स्थानिक वेळ दाखवणारी सर्व घड्याळे.' असं आहे इथे." त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. "तुम्ही हा पूर्ण वाचला होतात का?"

इस्त्रीसाहेब म्हणाले, "वाचला होता. म्हणूनच मी फक्त स्थानिक..."

"मग लाल घड्याळ आपोआप पुढे गेलं?" मी म्हटलं. "साहेब, मी चौथी शिकलेय. एका कागदावर किती ओळी होत्या? तीन? तीन ओळी वाचायला तुम्हाला काय झालं होतं? डोळे इस्त्रीला दिले होते का? द्या, वाचते म्हटलं तर दिला नाहीत मला. आज एक पोरगं पाय गमावून बसलंय आणि तुम्ही तिथे बसून सांगता कुणी हात लावला नाही! माझ्या मुलीला दुसरी नोकरी मिळेल म्हणता! तुमची पँट..."

"पुरे," बाई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण मी थांबले. त्या माझ्याकडेच बघत होत्या. "मुकादम, एक सांगा. लाल घड्याळ हलवायचं नसतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"त्याने काय होतं हे माहीत होतं?"

"होतं. ही सांगायची ना मला सगळं."

"मग का फिरवलंत?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी 'हुकूम होता म्हणून' असं म्हणू शकले असते. खोटंही नव्हतं ते.

"रागाने," मी म्हटलं. "त्यांची फजिती व्हावी म्हणून."

बाईंनी लिहून घेतलं. तेवढा एक शब्द लिहायला त्यांना किती वेळ लागला! मी धाकटीकडे बघितलं नाही.

निकाल महिन्याने लागला. धाकटी निर्दोष, परत कामावर. मला काढलं, पास घेतला, क्वार्टर साठ दिवसांत खाली करायचं. इस्त्रीसाहेबांना समज देण्यात आली आणि दुसऱ्या इमारतीत बदली. समज! एवढा मोठा शब्द, आणि आत काय, तर कागदाचा चिटोरा. तिथेही ते अर्धे बसत असतील आणि तिथल्या मुकादमाला फरशी दाखवत असतील. त्या माणसाचा विचार आला की अजून माझे दात आवळतात. कमी व्हायचं नाव नाही, आणि मला कमी करायचंही नाही.

पण धाकटीचं वेगळं होतं. चौकशीतून घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. हसणं सोडा, भांडणही नाही. निकालाचा कागद आला त्या संध्याकाळी मी शिरा केला. तिने वाटी बाजूला सरकवली.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "सुटलीस ना?"

"सुटले." ती माझ्याकडे वळली. "अकरा दिवस आई. तू मला विचारायचीस, नीट आठव, नीट आठव. मला स्वतःचे डोळे खोटे वाटायला लागले होते. मी रात्री उठून भिंतीवरचं घड्याळ बघायचे, परत झोपायचे, परत उठून बघायचे. आणि तुला माहीत होतं."

"मी सांगितलं ना शेवटी! नोकरी गेली माझी, घर गेलं..."

"त्याचं बिल माझ्या नावावर फाडू नकोस. जिन्यात भेटलीस तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर तुझं काहीच गेलं नसतं. त्याचा पाय गेला नसता."

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. सासूची नाही, नवऱ्याची नाही, देवाचीही नाही. मला ते तोंडच नाही. पण मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "त्याला सांग. उद्या सुट्टी आहे मला. मी नेते."

तिने नेलं. दवाखान्याचा लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा. टँकरवाला शेवटून दुसऱ्या खाटेवर. धाकटी आत आली नाही, दाराशी व्हरांड्यात उभी राहिली. मी खाटेपाशी गेले. उशीला टेकून तो पेपर वाचत होता. पांघरूण एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला सपाट.

"काय पाहिजे?" तो म्हणाला. "झाडून झालंय मघाशी."

मी झाडायला आले नाही हे सांगताना मला एवढं जड जाईल असं वाटलं नव्हतं. मी कोण ते सांगितलं. काय केलं ते सांगितलं. का केलं तेही, तो 'रागाने' शब्दसुद्धा. तो पेपर न ठेवता ऐकत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुमच्या दोघांच्या मानापानात माझा पाय गेला."

"हो."

"साहेब आले नाहीत?"

"नाही."

"येणारही नाहीत." त्याने पेपरची घडी केली, फार जोरात केली, कागद फाटला. "आणि तुम्ही कशाला आलात? मी रडावं, माफ केलं म्हणावं, म्हणून? नाही करत. जा सांगा कुणाला सांगायचं ते."

"माफी मागायला आले, घ्यायला नाही."

"लई बोलता हो तुम्ही." शेजारच्या खाटांवरचे लोक बघायला लागले होते. त्याची नजर दाराकडे गेली. "ती कोण उभीये? गणवेशात?"

"माझी मुलगी."

"वायरलेसवाली? फाटकावर आवाज आला तो हिचाच? 'रस्ता मोकळा'?"

माझ्या अंगात वीज शिरली. "तिचा काही दोष नाही. तिने घड्याळ बघितलं होतं, बरोबर बघितलं होतं. तिला एक शब्द बोलायचा नाही. जे बोलायचं ते मला बोल." सगळा वॉर्ड ऐकत होता. ऐकू दे. मी आणखी मोठ्याने म्हटलं, "मी केलं. तिने नाही. मी."

"ओरडू नका. मला पाय नाही, कान आहेत." तो दाराकडेच बघत होता. "फाटकावरच्या शिपायाने आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला टँकरमध्ये ऐकू आला. चांगला आवाज होता. मी म्हटलं, चला, बरं झालं, लवकर सुटलो. रोज रात्री तो आवाज ऐकतो मी. बोलवा तिला. बघू तरी तोंड."

मी नाही म्हणणार होते. पण धाकटीला सगळं ऐकू गेलं होतं. ती आत आली, खाटांच्या मधून, ताठ, टोपी काखेत. त्याच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं आणि तिचा आवाज फुटेना. जिचं कामच आवाजाचं, तिचा.

टँकरवाल्याने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग खाटेखालून पत्र्याचं एकुलतं स्टूल हाताने ओढून बाहेर काढलं.

"बसा," तो तिला म्हणाला.

ती बसली. काही वेळाने तो तिला विचारायला लागला, ते लाल घड्याळ म्हणजे नेमकं असतं काय, आणि ती हळूहळू सांगायला लागली, जहाज, डोंगर, विमान. तो मध्येच चिडायचा, "मग एकाने तरी विचारायला नको?" म्हणायचा, आणि ती "नको म्हणून नियम आहे" म्हणायची, आणि तो त्या नियमाला शिवी द्यायचा. ती त्याला थांबवत नव्हती.

मला कुणी बस म्हणालं नाही. मी उभीच राहिले.